कुंकू न घेता

भार्गवीच्या ऑफिसात एक खोली होती. तिच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी ठसठशीत पाटी होती आणि दार उघडलं की आतल्या पिशव्या अंगावर यायच्या. ज्यूटच्या पिशव्या, वर नगर बाल-आरोग्य मंडळाचं बोधचिन्ह, त्याखाली एक हसरं मूल, आत वही, पेन आणि माहितीपुस्तिका. प्रत्येक प्रशिक्षणाला लागतील त्याहून जास्त मागवायच्या आणि उरलेल्या इथे कोंबायच्या, असा मंडळाचा शिरस्ता पडून गेला होता. ज्या खोलीत एखाद्या आईने निवांत बसून रडायचं, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

मंडळ काढलं तेव्हा कल्पना मोठी छान होती. मूल मारानं, उपासमारीनं, घरातल्या दारूनं मोडून पडलं की मग सगळेच धावतात; पोलीस धावतात, डॉक्टर धावतात, वर्तमानपत्रवाले तर सगळ्यांच्या आधी. मोडायच्या अगोदर त्या घराशी पोचेल असं एक तरी खातं असावं, म्हणून हे मंडळ. भार्गवी कानडी मुलखातल्या चामराजपेटमधल्या जुन्या मराठी घरातली, सार्वजनिक आरोग्यात शिकलेली. ही नोकरी तिने हट्टानं मागून घेतली होती. समुपदेशकाची जागा मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिने ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. जागा काही भरली नाही. म्हैसूरपाक तेवढा संपला.

पैसे यायचे ते क्षमतावर्धनाला. क्षमतावर्धन म्हणजे हॉल, फलक, जेवण, पिशवी आणि शेवटी प्रमाणपत्र हातात धरून फोटो. संचालक हयवदन माणूस वाईट नव्हता, पण फोटो पाहिला की त्याला काम झाल्यासारखं वाटायचं.

"सर, शिकवून पाठवलेली बाई उद्या एखादी रडती आई घेऊन आली तर तिला बसवू कुठे?" भार्गवी विचारायची.

"खोली आहे की. पाटी लावली आहे ना?"

"आणि बोलायला माणूस?"

"स्वल्प धीर धर, भार्गवी. पोस्ट भरणं आपल्या हातात नाही. ट्रेनिंग आपल्या हातात आहे."

हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. त्यात आता दिल्लीहून पाहुणे येणार होते, मंडळाचं 'मॉडेल' बघायला. त्यांना बघायचं होतं ते भार्गवीच्याच डोक्यातून निघालेलं होतं. घरभेटीला परकी बाई नको, ज्या गल्लीतली घरं त्याच गल्लीतली बाई नेमा. तिची भाषा तीच, सणवार तेच, तिला बघून दार उघडेल. दारं उघडली होती हे खरं. त्यावर ती इतके दिवस खूश होती.

पाहुणे यायच्या आठवड्यातच चामराजपेटच्या एका शाळेतून संहिताचा फोन आला. संहिता तिथे शिक्षिका होती.

"मॅडम, श्रीवत्स म्हणून मुलगा आहे, दुसरीतला. कुठेही दार वाजलं की सरळ बाकाखाली. ओढून काढावं लागतं. आता हात प्लास्टरमध्ये आहे. घरचे म्हणतात, जिन्यावरून पडला. पण एखादं मूल पडलं की कसं पडलं ते चारचौघांत रंगवून सांगतं, मॅडम. हा एक अक्षर बोलत नाही."

भार्गवीने त्या घराच्या भेटींची टिपणं काढली. त्या गल्लीसाठी नेमलेली त्यांची वीणा तिथे तीनदा जाऊन आली होती आणि तिन्ही वेळा 'सर्व ठीक' लिहून मोकळी झाली होती. भार्गवीने बालसंरक्षणवाल्यांना फोन लावला. तिथला माणूस कंटाळलेला होता, पण त्याचं म्हणणं खोडता येईना.

"मॅडम, तुमचीच ट्रेन्ड बाई तीनदा म्हणते काही नाही. शाळा म्हणते बाकाखाली बसतो. कशावर जाऊ मी? इथे आम्ही दोघं आणि अर्धं शहर. आई काही म्हणाली, मूल काही म्हणालं, तर सांगा. लगेच निघतो."

म्हणजे त्या घरात जाऊन कुणीतरी आईला विचारायला हवं होतं. एवढंच. आणि ते लवकर व्हायला हवं होतं, कारण हात मोडून झाला होता. पुढच्या वेळी काय मोडेल हे भार्गवीला स्वतःच्या मनाशीही म्हणवेना.

तिने वीणाला बोलावून घेतलं. वीणा गोड, बोलघेवडी बाई, चार घरांत हक्कानं ये-जा असलेली.

"अय्यो अक्का, किती चांगली माणसं आहेत ती!" वीणा म्हणाली. "विमलाक्का तर गेल्या गेल्या कॉफी ठेवतात. निघताना अरिशिण-कुंकू, पान, एकदा तर ब्लाउजपीससुद्धा."

"आत गेली होतीस? त्यांच्या सुनेशी बोललीस, एकटीशी?"

"आत कशाला? हॉलमध्ये बसवतात की मानानं. सून कुंकू लावायला येते. मुलगा श्लोक म्हणून दाखवतो."

"हात मोडला तेव्हा काही विचारलं नाहीस?"

वीणाचा चेहरा पडला. "ज्या घरचं कुंकू लावून घेतलं, त्या घरात असलं वाकडं कसं विचारायचं, अक्का? बरं दिसतं का? आणि तुम्हीच तर शिकवलंत, दिलेलं नाकारू नका म्हणून."

भार्गवीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग काढायचा कुणावर? माहितीपुस्तिका तिनेच लिहिली होती. पहिल्याच पानावर होतं: घरच्यांनी कॉफी दिली तर घ्या, कुंकू दिलं तर लावून घ्या, नातं जोडा. नातं जोडून झाल्यावर काय विचारायचं ते पार मागे, कुठल्या तरी तक्त्यात होतं. चारशे बायकांना तिने पाहुणी व्हायला शिकवलं होतं. आणि पाहुणीला आपल्याकडे हॉलच्या पलीकडचं काही दिसत नाही. दिसलं तरी ती बघत नाही, पाहुणीची रीतच तशी असते.

"चल, उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

"उद्या? उद्या दिल्लीवाले येणार ना?"

"येऊ देत."

श्रीवत्सचं घर बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. बाप रविकिरण लग्नपत्रिका छापायचा, त्याचा छापखाना दोन गल्ल्या सोडून. सकाळी तो तिकडे असतो हे वीणाला ठाऊक होतं. दारात रांगोळी, तोरण, चपला ओळीनं लावलेल्या. भार्गवीने पहिल्यांदा काय केलं असेल तर जिना शोधला. घराला जिना नव्हता. गच्ची वरच्या बिऱ्हाडाची, तिचा रस्ता मागच्या गल्लीतून. वीणा तीनदा या घरात येऊन गेली होती.

विमलाक्कांनी दार उघडलं, वीणाला पाहून हसल्या, मग भार्गवीकडे निरखून बघितलं.

"तू शेषगिरीरायांची मुलगी ना? अगं, तुझी आई आणि मी एका भजनी मंडळात! ये, ये. हातपाय धुतेस? शालन, कॉफी ठेव गं!"

झालं. भार्गवी बसायच्या आतच घरची होऊन गेली. कॉफी आली, वाफाळती, पितळी वाटी-पेल्यातून. तिच्या वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. भावाची बदली येलहंक्याला झाली हेही विमलाक्कांना माहीत होतं. बाजूच्या खोलीतून श्रीवत्सला आणलं. भांग पाडलेला, प्लास्टरवर स्वच्छ शर्टाची बाही चढवलेली. ताप होता म्हणून आज शाळा नाही, असं आजीनं परस्पर सांगून टाकलं.

"श्लोक म्हणून दाखव मावशीला."

मुलानं श्लोक म्हटला. एकही उच्चार चुकला नाही आणि एकदाही मान वर झाली नाही. वीणानं कौतुकानं टाळी वाजवली. टाळी वाजली तसं ते पोर दचकून भिंतीला चिकटलं.

भार्गवीनं तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. हाताबद्दल विचारलं, तर विमलाक्का म्हणाल्या, "मुलं पडायचीच, तू काय कमी पडलीस का, कोटेच्या मैदानात?" शाळेबद्दल विचारलं, तर शाळेची फी किती वाढली ते निघालं. शालनशी बोलायचं म्हटलं, तर "ती काय बोलणार, निपाणीकडची, लाजते," असं उत्तर आलं. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून. बोलण्यात कुठे म्हणून फट नव्हती. भार्गवीला आपण गुळाच्या ढेपेत रुतून बसल्यासारखं वाटायला लागलं. मनात चीड साठत होती, आणि चिडायला समोर कुणी नव्हतं. समोर नुसता पाहुणचार होता.

"बरं, उशीर होत असेल तुम्हाला. शालन, ताट आण."

शालन ताट घेऊन आली. हळद, कुंकू, पान, सुपारी. तिने आधी वीणाला लावलं. मग भार्गवीसमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, श्वास लागेल इतकी. कुंकवाचं बोट वर नेताना तिचा हात खांद्याशी अडला. ओठ दाबून तिने तो तसाच वर रेटला. पदर जरा सरकला आणि भार्गवीला दंडावरचा डाग दिसला, कडेनं पिवळा पडत चाललेला.

भार्गवीनं मान मागे घेतली.

"कुंकू नको."

बोट हवेत राहिलं. वीणानं मागून तिचा पदर ओढला. "अक्का, असं नका करू हो."

"नको म्हणजे?" विमलाक्कांचा आवाज बदलला.

"मी पाहुणी म्हणून नाही आले, विमलाक्का. माझं काम आहे इथे. ते झाल्याशिवाय मी कुंकू लावून घेणार नाही."

"सवाष्ण बाई कुंकू न घेता उंबऱ्याबाहेर जाणार? माझ्या घरातून? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?"

आईनं नेमकं उलटं शिकवलं होतं. संध्याकाळच्या आत ही गोष्ट वडिलांच्या कानावर जाणार, भजनी मंडळात पुढचं वर्षभर पुरणार, हे भार्गवीला दिसत होतं. पण कुंकू घेतलं की उठावं लागतं, आणि उठलं की संपलं, हेही तिला आता कळत होतं.

"बाहेर जाते कुठे मी? बसते ना," ती म्हणाली आणि खरोखरच परत सोफ्यावर बसली. "शालनशी मला एकटीशी बोलू द्या. मग काय लावायचं ते लावा."

विमलाक्कांची पंचाईत झाली. घालवून द्यावं तर कुंकवाशिवाय घालवायचं कसं? ठेवून घ्यावं तर ही उठत नाही. रीतीनं बांधलेली बाई रीतीतच अडकली. शेवटी त्या म्हणाल्या, "बोल जा. चुलीपाशी काय गुपित असायचंय?" आणि ताट मांडीवर घेऊन बसल्या.

स्वयंपाकघरात कुकर उतरवून ठेवलेला होता. भार्गवीला प्रशिक्षणातली सगळी सुंदर वाक्यं आठवेनाशी झाली. तिने सरळ विचारलं, "कोण मारतं?"

शालननं इकडेतिकडे पाहिलं नाही, रडली नाही. लगेच म्हणाली, जणू उत्तर कधीचं तयारच होतं. "हेच मारत्यात. मला मारायचे ते मारायचे. आता पोरावर हात टाकाय लागलेत. पिरगाळला त्येचा हात. माझ्यासमोर."

"विमलाक्का?"

"त्या देवघरात जाऊन बसत्यात तवा."

शालननं ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं.

"वीणाक्का तीनदा आल्या," ती म्हणाली. "तिन्ही खेपेला त्यास्नी कुंकू मीच लावलं. आता तुमच्यासमोर हुभी ऱ्हायले, तशीच. दर खेपेला मनात म्हणायची, आता इचारतील. आता इचारतील." तिने भार्गवीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रारसुद्धा नव्हती. "कुणी इचारलंच न्हाई."

हॉलमध्ये बसलेल्या वीणाला हे ऐकू गेलं असावं, कारण तिकडून एक हुंदका आला. भार्गवीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला, त्या पुस्तिकेचा, त्या पिशव्यांचा, हॉल भरून वाजलेल्या टाळ्यांचा. इतकी शिकलेली माणसं, इतका खर्च, आणि ही बाई एका साध्या प्रश्नाची वाट बघत हातात कुंकू घेऊन उभी होती.

"येतेस माझ्याबरोबर? त्याला घेऊन?"

"कुठं?"

या एका शब्दापुढे सगळं मंडळ उताणं पडलं. कुठं? भार्गवी म्हणाली, "आधी माझ्या ऑफिसात. तिथून पुढचं मी बघते."

शालननं चप्पल घातली. श्रीवत्सला घातली. विमलाक्का उंबऱ्याशी ताट धरून उभ्या होत्या. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, पण त्या वाट सोडून बाजूला झाल्या.

"तो दुपारी जेवायला येतो," त्या म्हणाल्या. "काय सांगू मी त्याला?"

"माझं नाव सांगा. मला फोन करू दे."

त्यांनी मान वळवली. मग, कुणाशी बोलताहेत हे कळू नये अशा आवाजात म्हणाल्या, "पोराच्या हाताचं औषध फळीवर आहे. रात्री ठणकतो त्याला. न्या."

वीणासकट सगळी रिक्षात बसल्यावर भार्गवीनं बालसंरक्षणवाल्याला फोन लावला. आई स्वतः सांगते आहे म्हटल्यावर तो खरंच जागा झाला. "येतो मॅडम. पण हातातलं एक काम उरकून, संध्याकाळ होईल. तोवर तुमच्या समुपदेशन कक्षात बसवा ना त्यांना. मस्त खोली आहे तुमची. तुमच्या अहवालात फोटो पाहिलाय."

भार्गवीनं फोन बंद केला. रिक्षावाल्यानं कुठे जायचं म्हणून आरशातून पाहिलं, तिने पत्ता सांगितला, तो मान डोलावून "सरी मॅडम" म्हणाला. श्रीवत्स आईला चिकटून बसला होता.

"तुम्ही आजीचं ऐकलं नाही," तो भार्गवीला म्हणाला. "आता काय होणार?"

"काही होणार नाही, बाळा."

म्हणाली खरी. हे वाक्य खरं करायला आपल्यामागे काय आहे, याचा विचार करायची तिला भीती वाटली.

मंडळाच्या दारात फुलांची रांगोळी होती. हयवदन शाल-श्रीफळांच्या तयारीत उभा होता, दिल्लीचे पाहुणे हॉलमध्ये चहा घेत होते. भार्गवी कुणाकडे न बघता समुपदेशन कक्षाशी गेली, दार उघडलं आणि पिशव्या बाहेर फेकायला लागली. एक, दुसरी, मग कवेत मावतील तेवढ्या. वीणानं डोळे पुसले आणि तीही लागली. बोळभर हसरी मुलं पडली.

"काय चाललंय हे?" हयवदन धावत आला. "भार्गवी! पाहुणे आत आहेत!"

"क्षमतावर्धन, सर," ती म्हणाली आणि आणखी एक गठ्ठा बाहेर टाकला.

आत एक टेबल निघालं, दोन खुर्च्याही निघाल्या. तिने शालनला आणि मुलाला आत घेतलं. किती दिवस हीच खोली मागत होती ती, दार लागेल, कडी लागेल, बाहेरचा कुणी ऐकणार नाही अशी. तिने दार लावलं आणि कडी सरकवली.

कडीचा आवाज झाला मात्र, श्रीवत्स टेबलाखाली गेला. प्लास्टरचा हात पोटाशी, दुसरा डोक्यावर. ओरडला नाही. ओरडायचं नसतं हे त्याला शिकवलेलं होतं.

"कडी," शालन हळूच म्हणाली. "मारायच्या आधी ते कडी लावत्यात. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून."

भार्गवीनं कडी काढली आणि दार सताड उघडलं. दाराला सरकारी स्प्रिंग होती, ते आपोआप परत मिटायला लागलं. मूल आणखी आत सरकलं. ती घाईघाईनं बाहेर आली, बोळातल्या पिशव्या ओढल्या आणि दार हलणार नाही इतक्या त्याच्याशी रचल्या. हयवदन काहीतरी बोलायला वाकला, त्याला टेबलाखालचं प्लास्टर दिसलं आणि तो तोंड मिटून मागे सरला. पाहुण्यांचे आवाज जवळ येत होते. त्यांना त्यानं दुसऱ्या बाजूनं नेलं, मॉडेल दाखवायला.

भार्गवी टेबलाशेजारी फरशीवर बसली, मुलाला हात लावला नाही. पिशव्यांनी दार धरून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच एखाद्या मुलाच्या उपयोगी पडल्या होत्या.